हवामान बदल हा वार्षिक सभेचा विषय करा

मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व संचालक मंडळ,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील सर्व सहकारी साखर कारखाने यांस,

विषय : येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हवामान बदल हा स्वतंत्र विषय घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी कृष्णाकाठची ऊस उत्पादक सभासद आहे. सप्टेंबर आला की घरी वार्षिक सभेची नोटीस आणि अहवालाचं पुस्तक येतं, ते मी पहिल्या पानापासून वाचते. मागील सभेचा वृत्तांत कायम करणे, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक स्वीकारणे, लेखापरीक्षकांची नेमणूक, पोटनियम दुरुस्ती आणि सगळ्यात शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. गाळप, साखरेचा उतारा, एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर), सहवीज (कारखान्यातच तयार होणारी वीज), इथेनॉल यांचे तक्ते त्यात असतात. पुराचा उल्लेख मला सापडतो तो गाळप कमी का झालं हे सांगणाऱ्या एका ओळीत. दुष्काळाचाही तसाच. ज्या गोष्टीवर पुढच्या तीस वर्षांचं गाळप ठरणार आहे, तिला विषयपत्रिकेत क्रमांक नाही. तो मिळावा म्हणून हे पत्र.

सरकारला सोडून तुम्हाला का लिहिते आहे, तेही सांगते. या दोन जिल्ह्यांत जमीन आणि पाणी यांचे रोजचे निर्णय मंत्रालयात होत नाहीत. कुठल्या जातीच्या उसाची नोंद घ्यायची, लागणीची तारीख कुठून धरायची, तोड कुणाच्या फडात आधी पाठवायची, कुठल्या गावाच्या उपसा संस्थेला कर्जाची हमी द्यायची, हे कारखान्याच्या बोर्डात ठरतं. बँक, दूध संघ, शाळा-कॉलेज, बाजार समिती, बहुतेक ठिकाणी तीच माणसं आहेत. आमदार-खासदारही बऱ्याचदा याच खुर्चीतून पुढे जातात. कृष्णाकाठी हवामानाच्या प्रश्नावर खरोखर काही करण्याची ताकद कुणाकडे असेल तर ती तुमच्याकडे आहे. म्हणून तुमच्याशी बोलते.

आधी झालं काय ते मांडते. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं आणि आपण सगळे म्हणालो, असा पूर आयुष्यात एकदाच. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. २०२१च्या जुलैत पुन्हा ५४ फुटांच्या पुढे. २०१९ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. त्यात गेलेल्यांमध्ये बाया-मुलं होती. त्या आठवड्यात भिलवडी, अंकलखोप, औदुंबर ही नावं टीव्हीवर दिवसरात्र फिरत होती, आणि आमचा ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात होता. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ बसला की ऊस वाढत नाही, पाणी ओसरल्यावर कांडीवरचे डोळे फुटून कोंब येतात, आतून कुजतो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात केलेली दीड वर्षाची लागण तर दोन पावसाळे बघते. पहिल्या वर्षी नुकतीच उगवण झालेली बुडते आणि दुसऱ्या वर्षी तोडीच्या तोंडावर आलेला ऊस बुडतो.

२०२१च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माण आणि आटपाडी या आमच्या दुष्काळी तालुक्यांत साधारण वर्षभरातसुद्धा एवढा पडत नाही. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, ढोकावळे, मिरगाव इथं डोंगर घरांवर आला. कृष्णा, कोयना, वारणा या तिन्ही नद्या सह्याद्रीच्या याच कण्यावरून उतरतात. कराडला कोयना कृष्णेला मिळते, हरिपूरला वारणा. वर एका दिवसात एवढं पाणी कोसळलं तर खाली सांगलीला ते कुठे जाणार?

आणि दुसरी बाजू. २०१९ला सांगलीत माणसं गच्चीवर अडकली होती, तेव्हा याच जिल्ह्यात जत आणि आटपाडीला टँकर चालू होते, चारा छावण्यांत जनावरं बांधलेली होती. एकाच जिल्हाधिकारी कार्यालयातून एकीकडे बोटी आणि एकीकडे टँकर जात होते. चार वर्षांनी, २०२३ला, देशातला ऑगस्ट १९०१पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला. २०२५ला मेच्या शेवटच्या आठवड्यातच मोसमी पाऊस राज्यात शिरला. मशागती राहिल्या, वाफसा येईना, सरी सोडायला रान मिळेना. आमच्याकडे मृगाच्या आधीची मशागत हा वर्षाचा पाया. तोच गेला.

हे सगळं योगायोगानं होत नाही. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणसानं हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८०वरून ४२०च्या वर नेला आहे. तो उष्णता धरून ठेवतो. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्र तापतो आहे, त्यावरून येणारे वारे जास्त पाणी घेऊन येतात आणि सह्याद्रीला धडकले की ते एकदम ओततात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ला दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. वर्षाचा एकूण पाऊस मात्र त्या पट्ट्यात घटत गेला होता. म्हणजे पडतो तेव्हा धो धो, आणि मधले आठवडे कोरडे. हे वाचताना मला माझ्या रानातली गेली दहा-बारा वर्षं दिसली. माणसामुळेच पृथ्वी तापते आहे, याबद्दल आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१च्या अहवालानं शंकेला जागा ठेवलेली नाही. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. औद्योगिक काळाच्या आधीच्या सरासरीपेक्षा ते दीड अंशाहून जास्त गरम होतं. पॅरिसला २०१५ साली जगानं जी मर्यादा घालून घेतली होती ती हीच. मर्यादा धरतात ती अनेक वर्षांच्या सरासरीवर, एका वर्षानं ती मोडली असं होत नाही. पण आपण तिला टेकलो आहोत.

यावर तुमच्यातल्या काहींचं म्हणणं मी सभांमधून, लग्नाच्या पंगतीतून, कारखान्याच्या गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात ऐकलेलं आहे. त्याला उत्तर द्यायला हवं.

पहिलं म्हणणं, पूर आणि दुष्काळ पूर्वीही येत होते. येत होतेच. आमच्या भागातल्या वृद्ध माणसांना त्यांच्या आज्यांनी सांगितलेले पूर माहीत आहेत. प्रश्न पूर येतो की नाही हा नाही. २००५नंतर चौदा वर्षांनी आला, त्यानंतर दोन वर्षांनी. ज्या पाण्याचा हिशेब शंभर वर्षांतून एकदा असा मांडून लाल पूररेषा आखतात, तो हिशेबच मुळात थंड काळातल्या पावसावर बेतलेला आहे.

दुसरं म्हणणं, सगळं कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अल्मट्टी धरणामुळे. अल्मट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४ मीटरवर नेण्याला माझाही विरोध आहे, मोर्चाला मीही आले आहे. पण राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९च्या महापुराचा अभ्यास करून त्याचं खापर अल्मट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी आणि नदीच्या पूरक्षेत्रात आपणच केलेली बांधकामं व भराव यांच्याकडे तिनं बोट दाखवलं. तिचा अहवाल काहींना पटलेला नाही, वाद चालू राहील. मात्र अल्मट्टीचे दरवाजे उद्या कायमचे उघडे ठेवले तरी महाबळेश्वरचा पाऊस कमी होणार नाही आणि जतचा वाढणार नाही.

तिसरं म्हणणं सर्वांत वजनदार आहे आणि त्यावर मी खूप विचार केला आहे. जगाचं वाटोळं केलं अमेरिकेनं, युरोपनं, आता चीननं. आमच्या शेतकऱ्याला कशाला शहाणपण शिकवता? यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. जगात सहावा माणूस भारतीय आहे, पण आजवर हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आसपासच भरतो. अमेरिकेत माणशी वर्षाला चौदा-पंधरा टन निघतो, भारतात दोन टनांच्या आसपास. आपला देश जागतिक परिषदांत हेच ठणकावून सांगतो: ज्यांनी जास्त घेतलं, ज्यांच्याकडे जास्त आहे, त्यांनी आधी आणि जास्त करावं. हे म्हणणं न्याय्य आहे. मी ते शंभर टक्के मानते.

पण मग हाच न्याय जत तालुक्यातल्या माणसाच्या तोंडून ऐकायची आपली तयारी आहे का? जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. कृष्णाकाठी बारमाही पाणी, उसाला हमखास दर, घरटी ट्रॅक्टर. पूर्वेला मेंढरं घेऊन चार महिने वणवण करणारी माणसं, आणि हंगाम आला की आमच्याच फडात कोयता घेऊन येणारी जोडपी. पाणी आम्ही जास्त घेतलं, डिझेल आम्ही जास्त जाळलं, युरियाची पोती आम्ही जास्त टाकली. युरियातला जो भाग पिकाला लागत नाही त्याचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत किलोमागं पावणेतीनशे पट जास्त तापवतो. पावसानं दगा दिला की सर्वांत आधी मोडतो तो जतचा, माणचा, खटावचा माणूस. जगात आपण भारत आहोत. या दोन जिल्ह्यांत मात्र अमेरिकेच्या जागी आपण आहोत, कृष्णाकाठचे ऊसवाले, आणि आपल्यातही सर्वांत वर तुम्ही. वॉशिंग्टनला जे सांगतो ते स्वतःला लागू करायचं नसेल तर सांगायचा अधिकारही राहत नाही.

आता जळीत उसाबद्दल. यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण ही गोष्ट उद्यापासून बदलता येईल अशी आहे आणि ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

जानेवारी संपला की संध्याकाळी आमच्या शिवारात कुठेतरी फड पेटलेला असतोच. ऊस पेटवून तोडला की पाला जळून जातो, तोडायला सोपं पडतं, तोडणी मजुरांच्या टोळीचं दिवसाचं टनेज वाढतं. शेतकरीही पेटवतो, त्याचं कारण वेगळं आहे. नोंदीप्रमाणं तोड येत नाही, ऊस वाळायला लागतो, तुरा येतो, पुढं खोडव्याचं, म्हणजे त्याच बुंध्यावर येणाऱ्या पुढच्या पिकाचं, गणित बिघडतं. जळालेला ऊस लगेच तोडावा लागतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून काडी लावली की टोळी येते. मग कारखाना जळीत म्हणून पैसे कापतो आणि शेतकरी ते मुकाट सोसतो. म्हणजे पेटवण्याचं मूळ कारण तुमच्या तोडणी कार्यक्रमात आहे आणि शिक्षा मात्र सभासदाला. नुसती कपात वाढवून हे थांबणार नाही.

यात कोण काय गमावतं ते बघा. एकरी तीन-चार टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जळतं. ते कुट्टी करून सरीत पडलं असतं तर जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढला असता, उन्हाळ्यात ओल टिकली असती, एखाद-दुसरी पाण्याची पाळी वाचली असती, तण दबलं असतं, खोडव्याला खत मिळालं असतं. कुणी म्हणेल, उसानं हवेतूनच घेतलेला कार्बन हवेत परत गेला, त्यात बिघडलं काय? पण जो जमिनीत राहू शकत होता तो गेला, आणि धुराबरोबर काजळी, मिथेन, नायट्रस ऑक्साइडही गेला. आमच्याकडची रानं आधीच थकलेली आहेत. माती तपासून आणली की कर्बाच्या रकान्यात 'कमी' किंवा 'अत्यंत कमी' हाच शेरा असतो. अशी माती पावसाचं पाणी धरत नाही. अतिवृष्टीत ती वाहून जाते आणि उघडीप पडली की तडकते. बदलत्या पावसासमोर शेतकऱ्याजवळ दुसरी ढाल नाही, आणि तीच आपण दर हंगामात जाळतो.

तोडणी मजुराचंही नुकसान आहे, हे फारसं कुणी बोलत नाही. वाडं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, चाऱ्याला विकून टोळीतल्या बायकांच्या हातात चार पैसे पडतात. पेटलेल्या फडातलं वाडं कुणी घेत नाही. दिवसभर राखेत वाकून काम, घामावर काजळी, रात्री खोकला. मार्च-एप्रिलच्या उन्हात, जेव्हा पारा चाळिशीच्या घरात जातो, तेव्हा गरम राखेवर उभी राहून ती बाई मोळी बांधते आणि डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. उष्णतेची लाट म्हणजे काय, हे तिला शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. बिनजळीत उसाच्या तोडणीला टनामागं जादा दर द्या, कारण त्यात मजुराची मेहनत खरोखरच जास्त आहे. तो बोजा एकट्या शेतकऱ्यावर टाकू नका, खुशालीच्या, म्हणजे तोडणी टोळीला वरून द्याव्या लागणाऱ्या पैशांच्या रूपानं तो आधीच खूप देतो. पाचट कुट्टी यंत्रं गटवार ठेवा, भाडं परवडेल असं. तोडणी कार्यक्रम नोंदीच्या तारखेप्रमाणं गावाच्या चावडीवर आणि मोबाइलवर जाहीर करा आणि तो पाळा. हार्वेस्टर वाढवत असाल तर कोयत्याच्या टोळ्यांचं पुढं काय, यावर त्यांच्या संघटनांशी आधी बोला. आणि दरवर्षीच्या अहवालात एकूण गाळपापैकी जळीत ऊस किती टन, हा आकडा छापा. तो आकडा वजनकाट्यावर रोज नोंदला जातो. तो आहेच, फक्त सभासदाला दिसत नाही.

पाण्याविषयी. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांत गेलं याचा मला मनापासून आनंद आहे. त्यासाठी माणसांनी आयुष्यं घातली. आटपाडीच्या पाणी परिषदांतून समन्यायी वाटपाची मागणी नागनाथअण्णा नायकवडींनी लावून धरली. वाळव्याला कृष्णाकाठी साखर कारखाना उभा करणारा हाच माणूस. ऊसवाल्यांचा पुढारी असूनही दुष्काळी माणसाच्या पाण्यासाठी तो रस्त्यावर बसला. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण लोकांनी ऐंशीच्या दशकात बांधलं, तेव्हा त्यांची अट होती की पाणी सगळ्यांना मिळेल आणि उसाला मिळणार नाही. हा आपल्याच मातीतला विचार आहे. तो बाहेरून आणायची गरज नाही.

आणि आज काय दिसतं? कराडजवळ टेंभूला उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं, प्रचंड वीज खाऊन वर चढवलं जातं, आणि जिथं पोचतं तिथं पहिली नोंद उसाची होते, तीही पाट पद्धतीनं. ती नोंद कारखाना घेतो म्हणून होते. २०१७ला राज्य मंत्रिमंडळानं उसाला ठिबक टप्प्याटप्प्यानं सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला होता, त्यासाठी दोन टक्के व्याजानं कर्ज देण्याचंही ठरलं होतं. तुमच्या कार्यक्षेत्रात त्याचं किती टक्के झालं, हे सभेत सांगा. उपशाच्या पाण्यावर नवी लागण ठिबकशिवाय नोंदवून घेणार नाही, एवढा एक ठराव बोर्डानं केला तरी पाच वर्षांत चित्र बदलेल. शिवाय कृष्णाकाठी जास्त पाण्यानं क्षारपड झालेली रानं तुम्हीही बघता, मीही बघते. पांढरी पडलेली, लव्हाळ्याशिवाय काही न उगवणारी, वडिलांनी सोन्यासारखी राखलेली रानं. तिथं कमी पाणी हाच औषधोपचार आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं को ८६०३२सारखी पाण्याचा ताण सोसणारी जात दिली, क्षारपडीत तग धरणारी फुले २६५ दिली. शास्त्रज्ञांनी आपलं काम केलं आहे.

कारखान्यांनी चांगलं काही केलंच नाही, असं मी म्हणणार नाही. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, वीज तयार होते, ती कोळशाची नाही. इथेनॉलनं पेट्रोल थोडं तरी वाचतं. ते तुमचं श्रेय आहे. पण ते श्रेयसुद्धा पावसावर टांगलेलं आहे, हे २०२३नं दाखवून दिलं. पाऊस कमी, ऊस कमी होणार म्हणून ७ डिसेंबरला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवड्याभरात ती सैल केली, पण मर्यादा घातलीच. डिस्टिलरीवर कोट्यवधींचं कर्ज काढून बसलेल्या कारखान्यांना तेव्हा घाम फुटला. कर्जाच्या परतफेडीचा तक्ता मांडताना तुमचे सल्लागार साखरेचा भाव धरतात, व्याजदर धरतात. बिघडलेला मोसमी पाऊस धरतात का?

नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याबद्दल एवढंच म्हणते: उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र आटतं, पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी, आणि त्यात कारखान्याच्या मळीचं असो की सांगली शहराचं सांडपाणी आणणाऱ्या शेरीनाल्याचं असो, घाण पाणी आलं की मासे मरून वर येतात. कुठल्या एका कारखान्याकडे बोट दाखवायला हे पत्र नाही. प्रत्येकानं आपापल्या बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी दरमहा सभासदांसमोर ठेवावी. पूरक्षेत्रातल्या भरावांचंही तसंच. तुमच्या संस्थांच्या इमारती, पेट्रोल पंप, मंगल कार्यालयं निळ्या पूररेषेच्या आत असतील तर ती कुठं आहेत हे तुम्हालाच आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मला जाणीव आहे की हे सगळं मान्य झालं तरी हिमनग वितळायचे थांबणार नाहीत. जगाचं तापमान ठरवणं आपल्या हातात नाही, आणि भारतानं २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं जे वचन दिलं आहे त्यात कृष्णाकाठच्या पाचटाचा हिस्सा फार मोठा भरणार नाही. पण जबाबदारी फक्त परिणामाच्या मापानं मोजायची झाली तर जगातल्या कुणावरच ती उरत नाही, कारण प्रत्येक जण एकेकटा छोटाच आहे. १९४२च्या चळवळीनंतर या दोन जिल्ह्यांच्या गावागावांत इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकार चालवणाऱ्यांनी आपल्यामुळे साम्राज्य किती टक्के हलेल याचा हिशेब मांडला नव्हता. आपल्या गावात अन्याय चालू द्यायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलं. सहकार त्याच पिढीतल्या माणसांनी उभा केला. तुम्ही ज्या खुर्चीवर बसला आहात ती त्यांनी घडवलेली आहे.

शिवाय आपण जे करू त्याचा पहिला फायदा आपल्यालाच आहे. कर्ब वाढलेली माती, कमी पाण्यात आलेला ऊस, न पेटलेला फड. हे २१०० सालासाठी नाही, पुढच्या हंगामासाठी आहे. जगानं काही केलं नाही तरी या गोष्टी कराव्याच लागतील, आणि जगानं केलं तरीही, कारण आत्तापर्यंत पृथ्वी जेवढी तापली आहे तेवढा पाऊस बिघडलेलाच राहणार आहे.

आता पुढचं. सभेत विषयाचं वाचन होतं, समोरून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो आणि पुढचा विषय पुकारला जातो. या विषयाचं तसं होऊ नये. त्यावर किमान तासभर चर्चा ठेवा, कृषी विभागाच्या आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या माणसाला बोलवा, आणि महिला सभासदांना, ज्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत पण सभेला नवरे किंवा मुलगे जातात, त्यांना आग्रहानं बोलवा. पूरबाधित गावांतला एक, दुष्काळी तालुक्यातला एक आणि तोडणी मजुरांचा एक, असे तीन प्रतिनिधी घेऊन हवामान समिती नेमा. तिला बोर्डाच्या बैठकीची कागदपत्रं बघण्याचा अधिकार द्या. तिचा अहवाल ताळेबंदाच्या शेजारी छापा.

माझ्या कारखान्यात मी हा ठराव नोटिशीच्या मुदतीत लेखी देणार आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदक म्हणून आमच्या गावातल्या दोन सभासद बायकांनी सही केली आहे. इतर कारखान्यांच्या सभासदांनी हाच मजकूर उचलून आपापल्या कारखान्याला द्यावा, त्याला माझ्या परवानगीची गरज नाही. ठराव फेटाळायचा असेल तर सभेत उभं राहून कारण सांगून फेटाळा, आणि ते कारण वृत्तांतात लिहा.

आपली,
कृष्णाकाठची एक ऊस उत्पादक सभासद
ता. पलूस, जि. सांगली